जुनी गाडी : घाई कोणाची, नुकसान कोणाचे?

छोट्या व्यापाऱ्याला आज गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. कापडाचे गठ्ठे आणायचे असोत, बेकरीचा माल दुकानोदुकानी पोचवायचा असो, की हत्यारांची पेटी घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी फर्निचर बसवायला जायचे असो, गाडीवाचून धंदा अडतो. नवीन गाडी आवाक्याबाहेर असते म्हणून आपले बहुतेक दुकानदार आणि कारागीर जुन्या गाडीकडे वळतात. त्यात वावगे काहीच नाही. नीट पाहून घेतलेली जुनी गाडी आठ-दहा वर्षे इमानाने साथ देते.

प्रश्न आहे तो घेण्याच्या पद्धतीचा. जो माणूस कापड दोन बोटांत चोळून सुताचा दर्जा सांगतो, लाकडावर टिचकी मारून ते पोकळ आहे की भरीव हे ओळखतो, पन्नास रुपयांच्या मालासाठी चार दुकाने फिरतो, तोच माणूस दोन-तीन लाखांची गाडी अर्ध्या तासात घेऊन मोकळा होतो. हे पैसे कुठून आलेले असतात? कोणाची भिशी लागलेली असते, कोणी बायकोचे दागिने मोडलेले असतात, कोणी पाच वर्षांची बचत काढलेली असते. व्याजाच्या कर्जापासून दूर राहणाऱ्या माणसाची तर सारी शिल्लक या एका सौद्यात जाते. पुढे इंजिन बसले किंवा कागद खोटे निघाले तर हप्ता चुकला एवढ्यावर भागत नाही, धंद्याचे भांडवलच बुडते.

मग हा शहाणा व्यापारी अर्ध्या तासात सौदा का करतो? कारण त्याला विचार करू दिला जात नाही. गाडीबाजारात गाडीबरोबर आणखी एक गोष्ट विकली जाते, ती म्हणजे घाई. तिचे प्रकार ओळखता आले तर निम्मे काम झाले.

घाई कशी लावली जाते?

पहिला प्रकार सर्वांच्या ओळखीचा आहे. आपण गाडीभोवती फिरत असतो आणि दलालाचा मोबाईल वाजतो. ‘हो, तीच गाडी, पार्टी समोर उभी आहे, तुम्ही या तासाभरात.’ कधी कधी तर खरोखरच एक माणूस येतो, गाडी पाहतो आणि आपल्यापेक्षा दहा हजार जास्त बोलतो. तो गिऱ्हाईक नसतो, दलालाचाच माणूस असतो.

दुसरा प्रकार टोकनचा. ‘पाच हजार टाकून ठेवा, गाडी तुमची.’ पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून मिळतो. सौदा मोडला तर टोकन परत मिळणार की नाही, हे त्यावर नसते. ते पाच हजार जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे दोन लाख पंचाण्णव हजार देऊन बसतो.

तिसरा प्रकार, आपली जुनी गाडी ‘किंमत काढायला’ म्हणून चावीसकट घेऊन जाणे आणि चावी परत न देणे. आपण उठून जाऊ शकत नाही, चहावर चहा येत राहतो आणि मन मऊ होते.

चौथा प्रकार किमतीऐवजी हप्त्यावर बोलण्याचा. ‘महिन्याला फक्त अकरा हजार’ असे ऐकवले जाते. तीन लाखांवर तीन वर्षांसाठी १० टक्के ‘फ्लॅट’ व्याज म्हणजे ९० हजार रुपये व्याज आणि महिन्याला सुमारे १०,८३३ रुपयांचा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवरच आकारले जाते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर जवळपास १८ टक्के पडतो. व्याज मुळातच नको असलेल्या माणसालाही हा हिशेब ठाऊक असावा, कारण ‘दहा टक्के म्हणजे काहीच नाही’ असे त्याला हमखास ऐकवले जाते.

पाचवा प्रकार सौदा ठरल्यानंतरचा. फाइल चार्ज, आरटीओचा खर्च, विमा आणि वर ‘जीएसटी’. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या गाडीच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला फरकाच्या पद्धतीने जीएसटी लागतो तो त्याच्या खरेदी आणि विक्रीच्या किमतीतील फरकावर, पूर्ण किमतीवर नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने हा दर १८ टक्के करण्याची शिफारस केली आणि जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. अडीच लाखांना घेतलेली गाडी तीन लाखांना विकली तर कर पन्नास हजारांवर बसतो. तीन लाखांवर १८ टक्के मागणारा सरळ खिशात हात घालतो आहे.

सहावा प्रकार आपल्या समाजापुरता आणि म्हणून सर्वांत जास्त दुखावणारा. ‘भाई, आपण आपल्यातलेच. तुम्हाला फसवून मी कुठे जाणार?’ सलाम होतो, गावाची ओळख निघते, दूरचे नाते जुळते आणि शेवटी कसम खाल्ली जाते. यानंतर मेकॅनिकला दाखवतो असे म्हणणे आपल्यालाच बेअदबीचे वाटू लागते. वास्तविक ज्याच्या मालात खोट नाही त्याला तपासणीचा राग येण्याचे कारणच नाही. कसम घेतल्याने माल खपतो पण बरकत जाते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते. म्हणून कसम ऐकली की विश्वास वाढण्याऐवजी सावधपणा वाढला पाहिजे.

कायद्यातला आजारी घोडा

पुष्कळांचा समज असा असतो की फसवणूक झाली तर कायदा आहेच. कायदा आहे, पण तो कोणाच्या बाजूने कधी उभा राहतो हे समजून घेतले पाहिजे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि ती समजावण्यासाठी एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि दोषाबद्दल तोंड उघडत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक होत नाही. पण त्याच ठिकाणी दुसरेही उदाहरण आहे. घेणारा विकणाऱ्याला सांगतो की तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. आता त्याचे गप्प बसणे बोलण्यासारखेच ठरते.

घोडा तोच, दोष तोच, विकणारा तोच. फरक पडला तो घेणाऱ्याने उच्चारलेल्या एका वाक्याने. पुढे कलम १९ आणखी एक अट घालते. विकणाऱ्याने गप्प राहून दोष कळू दिला नाही तरी साधी काळजी घेऊन घेणाऱ्याला सत्य कळण्यासारखे होते, असे दिसले तर त्याला तेवढ्या कारणावरून करार मोडता येत नाही. म्हणजे ‘घाईत पाहायचे राहून गेले’ ही तक्रार कोर्टात टिकणे कठीण. दलाल घाई का लावतो याचे उत्तर येथे आहे. आपण विचारू नये आणि पाहू नये, एवढेच त्याला साधायचे असते. ते साधले की कायद्याचे काम अर्धे त्याच्या बाजूने झालेले असते.

मदीनेच्या बाजारातला नियम

तिजारतीबद्दल इस्लामची शिकवण याहून कडक आहे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर प्रेषित (स.) यांच्या बोटांना ओल लागली आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा जाब त्यांनी विक्रेत्याला विचारला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. मालातील ऐब स्वतःहून सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. गप्प बसण्याची सवलत त्याला नाही. खोटे गिऱ्हाईक उभे करून बोली चढवणे याला ‘नज्श’ म्हणतात आणि त्यालाही मनाई आहे. वर सांगितलेला पहिला प्रकार म्हणजे नेमका हाच नज्श, फक्त आता तो मोबाईलवर होतो.

पण घेणाऱ्यासाठीही तेथे एक मोठा धडा आहे. एक साहाबी सौद्यात वारंवार फसवले जात. त्यांना प्रेषित (स.) यांनी सांगितले की खरेदी करताना यात फसवणूक असता कामा नये हे बोलून टाकत जा. काही कथनांत त्यांना तीन दिवसांची मुभा दिल्याचेही येते. सौदा ठरवताना माल परत करण्याचा हक्क राखून ठेवणे याला फिकहमध्ये ‘खियार-ए-शर्त’ म्हणतात. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई या दोघांच्याही मते त्याची कमाल मुदत तीन दिवसांची आहे. म्हणजे आपल्याकडील हनफी असोत वा कोकणातील शाफई, दोघांनाही ही तरतूद परकी नाही.

आता गंमत पाहा. इंग्रजांच्या अमदानीतला कायदा आणि मदीनेची शिकवण, दोन्हींचा पाया वेगळा, तरी घेणाऱ्याला दोन्ही एकच गोष्ट सांगतात : मुकाट्याने घेऊ नकोस. सौद्याच्या वेळी तोंड उघड. दबावाला भांडण हे उत्तर नाही आणि चतुराईही नाही. पैसे देण्यापूर्वी बोललेले आणि लिहून घेतलेले एक वाक्य हेच उत्तर आहे.

ते वाक्य कोणते?

ते असे असावे : ‘ही गाडी अपघातात चेपलेली नाही, पुराच्या पाण्यात बुडालेली नाही, मीटर मागे फिरवलेले नाही, गाडीवर कर्जाचा बोजा आणि दंड बाकी नाही. यातील काही खोटे निघाल्यास किंवा माझ्या मेकॅनिकने तीन दिवसांत मोठा दोष दाखवल्यास गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत केली जाईल.’ हे टोकनच्या पावतीवर लिहावे, खाली तारीख, गाडीचा नंबर, चॅसिस नंबर आणि दोघांच्या सह्या असाव्यात. जुनी गाडी पसंत पडली नाही म्हणून परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे ही मुदत लिहून घेतली तरच मिळते.

हे वाक्य पुढे केले की समोरच्याची परीक्षा आपोआप होते. खरा व्यापारी फार तर एखादी ओळ बदलायला सांगेल. ‘मीटरची खात्री मी देत नाही, तुम्ही सर्व्हिस रेकॉर्ड पाहा’ असे तो म्हणाला तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. पण जो चिडतो, ‘विश्वास नसेल तर राहू द्या’ म्हणतो, त्याला सलाम करून निघावे. तो राहू द्या म्हणाला आहे, राहू द्यावे.

पाहायचे काय?

गाडी दिवसा पाहावी. रात्रीच्या दिव्यात आणि पावसाच्या थेंबांखाली पत्र्याचे पोचे व रंगातला फरक लपतो. आपण जाण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवू नका असे आधीच सांगावे. थंड इंजिन सुरू करतानाच त्याचा धूर आणि आवाज खरे बोलतात. ऑईलचे झाकण उघडून आत दुधाळ पांढरट थर दिसला तर ऑईलमध्ये पाणी गेल्याचा संशय धरावा. बॉनेट आणि दरवाजांच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते उघडले गेले आहेत. मीटर चाळीस हजार दाखवतो आणि पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झाले आहे, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरूनही पुष्कळ कळते.

२६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर आणि २०२१ चे महाड-चिपळूण आपण पाहिले आहे. अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येतात. सीटखालचे गालिचे उचलून गाळ पाहावा, सीटच्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेघ पाहावी, सीटच्या नटबोल्टांवरचा गंज पाहावा. अत्तराचा वास जास्त येत असेल तर तो कशासाठी मारला आहे हेही विचारावे.

मेकॅनिक आपला असावा, दलालाने आणलेला नसावा. त्याची मजुरी गाडी घेतली तरी आणि न घेतली तरी द्यावी. गाडी घेतली तरच पैसे मिळणार असतील तर तोही नकळत ‘घ्या’ म्हणू लागतो.

कागदाची घाई करू नये

आरसी बुकावर कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र आधी, पैसे नंतर. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. ई-चलनचा थकलेला दंडही कळतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून फी भरून ती वाढवावी लागते. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना तो खर्च किमतीत धरावा. बाहेरच्या राज्यातील गाडी स्वस्त दिसते, पण तेथील आरटीओचे ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर यांची बेरीज करूनच ती खरी किती स्वस्त आहे ते ठरवावे.

सर्वांत मोठी घाई होते ती सह्यांची. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते आणि नाव मूळ मालकाचेच राहते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातील गाडी असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. तसे न केल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळणे अवघड होते. विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. गाडी विकली पण नोंद बदलली नाही तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतील मालकच जबाबदार धरला जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली आहे. ताब्यात आलेली गाडी त्यांनी नोंदवायची असते आणि तेवढ्या काळापुरते ते मालक मानले जातात. हे अधिकारपत्र दाखवा, असे विचारायला लाजू नये. पक्के बिलही घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरील मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणेही त्यातच येते. अर्थात जुन्या गाडीची वयाप्रमाणे झालेली झीज म्हणजे दोष नव्हे. कारागीर बंधूंनी हेही लक्षात घ्यावे की गाडी केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वतःच्या कामाला घेतलेली असेल तर धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा आयोगात तक्रारीची फी लागत नाही. मात्र हा मार्ग व्यापाऱ्याविरुद्धचा आहे. कोणी आपली घरची गाडी विकली असेल तर तेथे आपल्या हातातील लेखी वाक्यच कामाला येते.

विकणाऱ्या बंधूंना दोन शब्द

गॅरेज, सुटे भाग आणि जुन्या गाड्या या धंद्यांत आपले बंधू मोठ्या संख्येने आहेत. त्यांचीही बाजू आहे. जागेचे भाडे चालू असते, गाडीत पैसा अडकलेला असतो, लोक मजेखातर गाडी फिरवतात, पेट्रोल जाळतात आणि नाहीसे होतात. हे खरे आहे. म्हणून घेणाऱ्यानेही घ्यायचे नसेल तर उगीच आशा लावू नये आणि दुसऱ्याचा सौदा चालू असताना मध्ये बोली लावू नये.

पण यावर उपाय दबाव हा नाही. टोकन घ्यावे, तीन दिवस गाडी राखून ठेवावी, टोकन केव्हा परत मिळेल आणि केव्हा नाही ते पावतीवर लिहावे. प्रत्येक गाडीच्या काचेवर तिच्या दोषांची यादी लावावी : क्लच घासलेला आहे, डावा दरवाजा रंगवलेला आहे, दोन टायर बदलावे लागतील. सुरुवातीला दोन सौदे जातील. पण ज्या दुकानात ऐब आधी सांगितला जातो, तेथे गिऱ्हाईक आपल्या भावाला आणि मेहुण्याला घेऊन येते. जाहिरातीवर हजारो रुपये घालून जे मिळत नाही ते अशा यादीच्या एका कागदाने मिळते, आणि कमाई हलाल राहते ती वेगळीच.

घेणाऱ्या बंधूंना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. घरून निघतानाच जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा ठरवावा, बरोबर एक माणूस न्यावा आणि खिशात पूर्ण रक्कम नेऊ नये. सौदा आवडला तरी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. गेलेली गाडी म्हणजे जगातली शेवटची गाडी नसते. बाजारात उद्याही गाड्या उभ्या असतील, पण पाच वर्षांची बचत एकदाच खर्च होते.